दर रविवारी टँक लख्ख धुते, तरी मासे का मरतायत?

गोंधळलेली | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी मुलीच्या हट्टापायी फिश टँक आणला. ४५ सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. त्याच दिवशी चार गोल्डफिश आणले आणि दुकानदार म्हणाला काच साफ ठेवायला हा पण न्या, म्हणून एक काळा सकर. आत लावायचा स्पंजचा फिल्टर आहे, खाली रंगीत खडी. नवव्या दिवशी एक गोल्डफिश गेला. आज सकाळी दुसरा. उरलेले दोघं पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात, एकाच्या शेपटीत दोऱ्यासारख्या लाल रेघा दिसतायत.

चुकतंय कुठे तेच कळत नाहीये कारण स्वच्छतेत मी कणभर कसूर ठेवलेली नाही. दर रविवारी मासे बादलीत काढते, सगळं पाणी ओतून देते, खडी नळाखाली चार पाण्यांनी धुते, काच घासते, फिल्टरचा स्पंज तर नितळ पाणी येईपर्यंत पिळते, मग ताजं पाणी भरून मासे परत. आमच्या घरात त्या टँकइतकं स्वच्छ दुसरं काही नाही, हे गमतीने म्हणत नाहीये. मी दोनदा खायला घालते, मधे एकदा मुलगी घालते. रात्री फिल्टर बंद करतो कारण त्याच्या घुर्रर्र आवाजाने नवऱ्याला झोप लागत नाही. दुकानदाराने 'ताकदीसाठी' एक निळं औषध दिलंय त्याचे रोज चार थेंब.

आजही सगळं धुतलं. मुलगी सकाळपासून धड जेवली नाहीये. कुणीतरी सांगा हो.

बिनपाण्याचा_मासा | रविवार, रात्री ११.१०

ताई वाईट वाटलं वाचून. मी काही तज्ज्ञ नाही, पण माझेही पहिले तीन असेच गेले होते. पाणीदार काका येईपर्यंत थांबा, ते रात्रीचे येतात. तोवर फिल्टर चालू करा आणि तो निळा प्रकार थांबवा एवढं मी पण सांगू शकतो.

पाणीदार | रविवार, रात्री ११.५५

आलो. गोंधळलेली, वाईट वाटून घेऊ नकोस पण तू जरा आळशी असतीस तर ते दोन मासे बहुतेक वाचले असते.

मासा कल्ल्यांतून चोवीस तास अमोनिया सोडत असतो. त्याची शी उचललीस तरी अमोनिया थांबत नाही, तो श्वासासारखा चालूच. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर. मुरलेल्या टँकमध्ये हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात, ते त्याचं नायट्राइट करतात, ते सुद्धा विषारीच, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, अधूनमधून थोडं पाणी बदललं की निघून जातं. यालाच सगळे टँक 'सायकल होणं' म्हणतात. नवीन टँकला सायकल व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठ सुद्धा.

आता मुद्दा असा की हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, चिकटून राहतात. खडीला, काचेला, आणि सगळ्यात जास्त त्या स्पंजला. म्हणजे तुझ्या माशांना जगवणारं जे काही थोडंफार तयार होत होतं ते तू दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून मोरीत सोडत होतीस. आणि आठवडाभरात जे उगवायला लागायचं ते रात्री फिल्टर बंद करून गुदमरवत होतीस, कारण त्यांना वाहतं पाणी आणि ऑक्सिजन लागतो. तुझा टँक तीन आठवड्यांचा नाहीये, तो दर रविवारी एक दिवसाचा होतो.

लाल रेघा आणि वर येऊन तोंड उघडणं ही अमोनियाचीच लक्षणं वाटतात. कल्ले भाजले की पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो ओढता येत नाही.

तू आज पाणी बदललंच आहेस तर आता काही करू नको. नळाचं पाणी टाकताना क्लोरीन घालवणारं औषध घातलं होतंस का? आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही मोजणारं थेंबांचं टेस्ट किट आण. पट्ट्या नको. बुधवारी मोज आणि आकडे इथे टाक.

गोंधळलेली | सोमवार, सकाळी ७.२०

काका रात्री दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. दुसऱ्यांदा रडू आलं.

क्लोरीनचं औषध नाही घातलं. पाणी पिण्याचंच आहे, आम्ही पितो तेच, म्हणून वाटलं चालेल. फिल्टर रात्रभर चालू ठेवला, नवरा हॉलमध्ये झोपला.

रसायनवाली | सोमवार, सकाळी ९.०५

आपण पितो तेव्हा पाणी पोटात जातं, माशाचं ते थेट रक्ताशी लागतं, कल्ल्यांच्या पातळ पडद्यापलीकडे रक्तच आहे. म्हणून आपल्याला चालणारं क्लोरीन त्यांना चालत नाही.

पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे बरोबर आहे, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते तसं उडत नाही. त्यामुळे औषध घातलेलं बरं. दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मागा, बहुतेकांमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यात मिसळलं की लगेच काम होतं.

आणि ते निळं म्हणजे मिथिलीन ब्लू असणार. बुरशीवर, अंड्यांवर वगैरे चांगलं औषध आहे पण वेगळ्या भांड्यात वापरायचं. मुख्य टँकमध्ये टाकलं तर पाणीदारांनी सांगितलेल्या जिवाणूंनाही मारतं. काचेच्या जोडातलं सिलिकॉन निळं पडलंय का बघा.

गोंधळलेली | सोमवार, सकाळी ९.३०

पडलंय. स्पंज पण. मला वाटलं होतं डिझाइन आहे.

बिनपाण्याचा_मासा | सोमवार, सकाळी ९.४०

सॉरी ताई पण 'डिझाइन आहे' वाचून चहा सांडला.

जुना_टँक | सोमवार, दुपारी १.१५

हल्ली सगळ्यांना टेस्ट किट विकायचंय. मी २५ वर्षं गोल्डफिश ठेवतोय, एकदाही अमोनिया मोजला नाही आणि मासे हाताएवढे झालेत. मुठभर मीठ टाका, चार दिवस खायला घालू नका, होतात बरे. इतकं रसायनशास्त्र शिकवलंत तर नवीन माणूस पळून जाईल.

पाणीदार | सोमवार, दुपारी २.००

जुना_टँक, तुमचा टँक केवढा आहे, आणि फिल्टर कधी धुता, एवढंच सांगा.

जुना_टँक | सोमवार, दुपारी २.२५

साडेतीनशे लिटर. मासे तीन. फिल्टर वर्षातून दोनदा, पाणी यायचं कमी झालं की. काचेवर शेवाळ आहे, मी काढत नाही, ते खातात.

पाणीदार | सोमवार, दुपारी २.३०

मग तुम्ही न मोजता सगळं बरोबरच करताय की हो. एका माशाला शंभर लिटरच्या वर पाणी आणि फिल्टरला हात नाही. तिचा टँक ४५ × ३० × ३० म्हणजे ४०,५०० घन सेंमी, काठोकाठ साडेचाळीस लिटर, खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर पस्तीस भरेल. त्यात चार गोल्डफिश आणि सकर. तुमच्याकडे चूक पचते, तिच्याकडे दोन दिवसांत मासा मरतो.

खायला घालू नका हे मात्र शंभर टक्के मान्य.

जुना_टँक | सोमवार, दुपारी २.४०

पस्तीस लिटरात पाच? बादली झाली ती. ठीक आहे, घेतो मागे.

गोंधळलेली | बुधवार, संध्याकाळी ६.४५

किट आणलं. मुलीला पण शाळेतल्या प्रयोगासारखी मजा आली. नळीत पाच मिली पाणी, थेंब मोजून टाकले, हलवलं, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. आधी पिवळं होतं, आम्ही खूश, कारण पिवळं म्हणजे शून्य. मग तळापासून हळूहळू पोपटी व्हायला लागलं आणि होतच राहिलं. पांढऱ्या कागदावर धरून खिडकीपाशी रंग जुळवला तर २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम). नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. पीएच ८ च्या आसपास.

पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ आहे हो. म्हणजे बघून कोणी म्हणणार नाही.

रसायनवाली | बुधवार, संध्याकाळी ७.३०

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, नायट्राइटही नाही. स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं याचा इथे संबंधच नाही.

तुमचा पीएच ८ आहे म्हणून जरा जास्त काळजी करा. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक अमोनियम, ते कमी त्रासदायक, आणि दुसरा मोकळा अमोनिया, तो जहाल. किट दोन्हींची बेरीज दाखवतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्क्यापेक्षाही कमी जहाल रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या पुढे. जवळजवळ दहापट. म्हणून कुणाच्या टँकमध्ये २ पीपीएमला मासे नुसते सुस्त होतात आणि कुणाकडे मरतात.

पण म्हणून पीएच खाली आणायचं औषध आणायला धावू नका!! पीएच वर-खाली झुलणं हे स्थिर ८ पेक्षा वाईट. पाणी बदला.

गोंधळलेली | बुधवार, रात्री ८.१५

निम्मं बदललं, अँटी-क्लोरीन घालून, आणि बोटाने बघून तेवढंच कोमट ठेवलं. परत मोजलं तर १. मला वाटलं शून्य येईल. औषध खराब आहे का?

पाणीदार | बुधवार, रात्री ८.३०

निम्मं पाणी काढलं, निम्मं विष गेलं. २ चा १. उद्या परत निम्मं बदल म्हणजे अर्धा, शिवाय मासे रोज नवीन सोडत राहणार ते वेगळं. पुढचे काही आठवडे तुझा हाच कार्यक्रम, रोज मोजायचं आणि अमोनिया अर्ध्याच्या वर गेला की निम्मं बदलायचं. खडी जागेवर. काच फक्त समोरची पुस. स्पंजला अजिबात हात लावू नको, अगदी मळकट दिसला तरी. पाण्याचा प्रवाह कमी झाला तरच, आणि तोसुद्धा टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा, बस्स.

खाणं दिवसाआड. चिमूटभर म्हणजे तुझी चिमूट नाही, मुलीची. दोन मिनिटांत संपेल तेवढंच.

आणि ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजचा एक तुकडा माग. त्या तुकड्यावर जिवाणूंची आयती वसाहत असते, तुझ्या फिल्टरमध्ये खुपसला की काम निम्म्या वेळात होतं. वाटेत सुकू देऊ नको. दुकानाच्या टँकमधला मात्र नको, तिथले रोगही सोबत येतात.

बिनपाण्याचा_मासा | बुधवार, रात्री ९.००

म्हणजे लोकांकडे जाऊन म्हणायचं, तुमच्याकडची थोडी घाण मिळेल का. छंद आहे बुवा.

गोंधळलेली | शनिवार, सकाळी ११.१०

मिळाली घाण! ऑफिसातल्या एकांच्या घरी टँक आहे हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी डब्यात टँकचंच पाणी घालून तुकडा दिला, तपकिरी, बुळबुळीत, मातीसारखा वास. मी तो मांडीवर धरून घरी आणलाय. माझ्या गोऱ्यापान (आणि निळ्या) स्पंजशेजारी दाबून बसवला. टँकमध्ये दहा मिनिटं नुसता चहासारखा गढूळपणा, माझा जीव खाली-वर. हात शिवशिवत होते पण धुतलं नाही.

दोघंही आता मधल्या थरात पोहतायत. लाल रेघा तशाच आहेत.

सकरचं काय करू? तो दिवसभर फिल्टरमागे चिकटून असतो.

पाणीदार | शनिवार, दुपारी १२.३०

बुळबुळीत म्हणजे झकास.

सकर परत कर किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला दे. आत्ता बोटाएवढा आहे, तो फूटभराच्या वर जातो. गोल्डफिशची शी तो खात नाही, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज, उलट तो स्वतःच भरपूर घाण करतो, आणि उपाशी राहिला तर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर चाटतो. फक्त नदी-तळ्यात सोडू नकोस प्लीज. बऱ्याच देशांत लोकांनी असेच 'दया' करून सोडलेले सकर आता तिथल्या माशांच्या मुळावर उठलेत.

शेवटचा_बाक | शनिवार, दुपारी ३.२०

मी पण नवीनच, धागा हायजॅक करतोय त्याबद्दल माफी. माझ्या माशांवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आलेत. औषध दोन दिवस घातलं, ठिपके गेले, बंद केलं, आठवड्याने परत दुप्पट आले.

रसायनवाली | शनिवार, दुपारी ४.००

हा 'इक', पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, परजीवी आहे. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीखाली असतो, औषध तिथे पोचतच नाही. मग तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते नवीन मासा शोधत पोहायला लागतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांवर. तुमचे ठिपके बरे झाले नव्हते, ते तळाशी पिल्लं काढायला गेले होते. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही बाटलीवर लिहिलेत तितके दिवस औषध पूर्ण करायचं. पाणी गार असेल तर हे चक्र हळू चालतं, मग जास्त दिवस. बाकी नवीन धागा काढा, इथे हरवेल.

हिरवळ | रविवार, सकाळी १०.००

कुणी झाडांचं बोललं नाही म्हणून मीच बोलते. गोल्डफिश नाजूक झाडं उपटून खातात, पण अनुबियास किंवा जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधून ठेव, कडक पानं असतात, सहसा सोडून देतात. त्यांचं आडवं खोड खडीत पुरू नकोस, कुजतं. आणि मनी प्लांटची फांदी, फक्त मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, ही नायट्रेट मस्त ओढून घेते. दिवा सहा-आठ तास पुरे.

गोंधळलेली | रविवार, रात्री ९.१५

आजचा पहिला रविवार धुण्याशिवाय. दुपारभर मला काय करावं सुचत नव्हतं, शेवटी टँकसमोर खुर्ची टाकून बसले.

एक गंमत बघितली. लाल रेघांवाला तळाशी जातो, एक खडा तोंडात उचलतो, गालात घोळवतो, आपण सुपारी घोळवतो तसा, आणि थुंकतो. तो काचेवर आपटून टक् आवाज होतो. परत दुसरा. मी मोजले, एकवीस खडे. चार आठवडे टँक घरात आहे आणि हे मी आज पाहिलं, इतके दिवस मी फक्त तो धुतच होते.

अमोनिया अर्धा. नायट्राइट पाव, पहिल्यांदाच आलाय! आनंद मानू का घाबरू?

पाणीदार | रविवार, रात्री १०.००

दोन्ही. तुकडा कामाला लागला. खड्याचा आकार तेवढा बघ, तोंडात अडकेल असा मधला नको, एकतर वाळू नाहीतर तोंडात मावणारच नाही असे गोटे.

गोंधळलेली | पुढचा शुक्रवार, रात्री ११.४०

अमोनिया शून्य!! पण नायट्राइट २ झालाय आणि कल्ले भराभर हलतायत, परत वर येतायत. काका, ताई, कुणी आहे का जागं?

रसायनवाली | शुक्रवार, रात्री ११.५०

आहे. आत्ता निम्मं पाणी बदला, उद्या सकाळी परत निम्मं. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, म्हणून धाप. आणि इथे जुना_टँक यांचं मीठ खरंच उपयोगी आहे, मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला अडवतं. आयोडीन वगैरे काही न घातलेलं साधं मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ३५ ग्रॅम, आधी मगभर पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात थोडं थोडं. मूठभर नको. सकरला मीठ सोसत नाही, तो गेला ना? मग बिनधास्त घाला.

फिल्टरचं तोंड वर करा म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळ होईल. उकाड्यात पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात.

जुना_टँक | शनिवार, सकाळी ६.१०

मीठ म्हटलं होतं मी. फक्त नोंद.

गोंधळलेली | शनिवार, सकाळी ६.३०

नोंद घेतली काका. दोघंही आहेत. मी रात्री अडीचपर्यंत बसले होते, नवरा पण. तो म्हणाला आवाजाची सवय झाली.

गोंधळलेली | दोन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ८.००

आता नवीन कोडं. अमोनिया शून्य, नायट्राइट २ वरून १, अर्धा, आणि आज शून्य. पण नायट्रेट पण शून्य! मग गेलं कुठे सगळं? पाणी मी चार दिवसांत बदललं नाहीये. मनी प्लांटने एवढं खाल्लं?

पाणीदार | मंगळवार, रात्री ८.१०

नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी हलवलीस का?

गोंधळलेली | मंगळवार, रात्री ८.१२

हो, थोडी.

पाणीदार | मंगळवार, रात्री ८.१५

थोडी नाही. अर्धा मिनिट जीव तोडून, बाटली आधी टेबलावर दोनदा आपटून. तिच्यातली पूड तळाशी घट्ट बसते आणि ती मिसळली नाही तर किट शून्यच दाखवतं. निम्मे लोक इथेच फसतात.

गोंधळलेली | मंगळवार, रात्री ८.४०

केशरी!!! २० ते ४० च्या मधे कुठेतरी. खांदा दुखतोय.

रसायनवाली | मंगळवार, रात्री ८.५५

अभिनंदन, टँक सायकल झाला. आता आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला, नायट्रेट ४० च्या खाली राहू दे. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नुसतं वरून पाणी घालत राहणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, वाफ एकटी जाते, बाकी सगळं आत साठतं.

पाणीदार | मंगळवार, रात्री ९.३०

आता कटू बोलतो. पस्तीस लिटर दोन गोल्डफिशना पुरणार नाहीत. 'टँक केवढा तेवढाच मासा वाढतो' असं सांगतील, ते खरं नाही, घाणेरड्या पाण्यात आणि कमी जागेत तो खुरटतो आणि लवकर मरतो, त्याला वाढ थांबली म्हणतात. साधा गोल्डफिश २५-३० सेंमी होतो, गुबगुबीत जाती १५-२०. दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. वर्षभरात मोठ्या टँकची तयारी ठेव. हा छोटा मग एका फायटर माशाला नाहीतर पाच-सहा गप्पींना सुंदर होईल. गप्पी फक्त नर घे, नाहीतर तीन महिन्यांनी वेगळा धागा काढावा लागेल.

बिनपाण्याचा_मासा | मंगळवार, रात्री १०.०५

दहा-पंधरा काय, इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश होता, १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला, तो १९९९ ला गेला. ४३ वर्षं. ताई, मुलीच्या लग्नात टँक घेऊन जायची तयारी ठेवा.

गोंधळलेली | मंगळवार, रात्री १०.२०

नवऱ्याला १२० लिटर म्हटलं तर तो टेबल मोजायला उठला. एका लिटरचा एक किलो धरला तर नुसतं पाणीच १२० किलो, आमच्या टीव्हीच्या टेबलावर नाही चालणार. बघू.

गोंधळलेली | महिनाभराने, गुरुवार, दुपारी ४.००

छोटासा प्रश्न. आम्ही पाच दिवस बाहेर जातोय. शेजारच्या काकू खायला घालायला तयार आहेत, फार प्रेमाने म्हणाल्यात. चालेल?

जुना_टँक | गुरुवार, दुपारी ४.२०

प्रेमाने म्हणाल्या असतील तर मुळीच चालणार नाही. मोठे मासे आठवडा उपाशी आरामात राहतात. माझा एक टँक पाहुण्यांच्या प्रेमानेच गेला होता. खाण्याचा डबा लपवून जा.

पाणीदार | गुरुवार, दुपारी ४.४५

सहमत. निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदल, दिवा बंद, फिल्टर चालू, वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर ने म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये जाणार नाही. काकूंना म्हणावं नुसतं बघून जा.

गोंधळलेली | बुधवार, रात्री ९.५०

आत्ता पोचलो. कुलूप उघडायच्या आधीच दारातून आवाज येत होता, खळखळ, खळखळ, मी बॅगा टाकून धावले, वाटलं टँक फुटला. तसं काही नव्हतं, पाणी उडून पातळी चार बोटं खाली गेली होती आणि फिल्टरचं पाणी वरून धबधब्यासारखं पडत होतं. दोघंही काचेशी, शेपट्या हलवत, भुकेने वेडे. लाल रेघा तर मला आता शोधून सापडत नाहीत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, बाटली आपटून.

काकू म्हणाल्या रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायचं, त्यांनी एकदा बटण बंद करायचं मनात आणलं होतं, पण मी दारावर मोठी चिठ्ठी लावली होती म्हणून हात लावला नाही.

अर्धी बादली पाणी अँटी-क्लोरीन घालून ओतलं. आवाज थांबला. नवरा विचारतोय फिल्टर बंद पडला का.